म्हणे

आयाकुचोच्या कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर,
मी सात वर्षं दुभाषी आहे.
केचुआ कानात, स्पॅनिश तोंडात.
पदरचं काही घालणार नाही, ऐकलेलं काही गाळणार नाही
अशी शपथ घेतलेली.

आमच्या केचुआत वाक्याला शेपूट असते.
डोळ्यांनी पाहिलं असेल तर एक,
कानांवर आलं असेल तर दुसरी, एवढीशी: म्हणे.
चुकवली की आई टपली मारायची,
तू होतीस का तिथे?
स्पॅनिशला शेपूट नाही. ती तशीच पळते.

एउसेबिया ल्यामोका साक्षीला उभी राहिली.
उभी कसली, खुर्ची दिली होती,
उजवा पाय पुढे, सरळ,
कुणीतरी टेकवून विसरलेल्या काठीसारखा.
पुकिओहून रात्रीच्या बसनं निघालेली बाई,
मांडीवर चीजचे चौदा गोळे, फडक्यात बांधून.

ती म्हणाली:
मी झोपले होते.
बस वळणावर घसरली, म्हणे.
दोनदा उलटली, म्हणे.
मी ओरडले, म्हणे, भाचीचं नाव घेऊन.
चीज उतारभर पांढरं पसरलं होतं, म्हणे,
दोन गोळे पोलिसांनीच खाल्ले, म्हणे.
गुडघा वाकत नाही.

(इथे पहिली शेपूट. गुडघा तिचा स्वतःचा.)

दुपारचे साडेतीन. कारकून जांभया देत होता.
पाच-पाच वेळा ‘असं सांगतात’ म्हणायचं
माझ्या जिवावर आलं.
मी सपाट करून दिलं:
घसरली. उलटली. ओरडले.
कारकुनानं तसंच टंकलं.

विमा कंपनीचा वकील बालबुएना
पेनाला टोपण लावून उठला.
बाई, तुम्ही झोपला होतात ना?
मग बस दोनदा उलटली हे मोजलं कुणी?

मी तोंड उघडायच्या आधीच तिला कळलं.
खोटं बोलल्याचा आळ
कुठल्याही भाषेत ओळखू येतो.
तिनं हळूच विचारलं,
माझी म्हणे कुठे टाकलीस, पोरी?

उठले. न्यायाधीशांना सांगितलं, चूक माझी,
शेपट्या मी छाटल्या.
मग एकेक उचलून जागेवर लावली,
सगळ्या कोर्टासमोर, कान तापलेले.
बालबुएना म्हणाला,
म्हणजे अर्जदाराला स्वतःला काहीच ठाऊक नाही. नोंद व्हावी.

नोंद झाली.

चीजची पावती आहे?
गाय पावती देत नाही.
हे मात्र मी शब्दाला शब्द दिलं,
तिच्याच आवाजात, तेवढीच हनुवटी वर करून.
महिन्याचं उत्पन्न?
कुठल्या महिन्याचं?
बटाटे काढताना गुडघ्यावर बसावं लागतं का?
दोन्ही गुडघ्यांवर, साहेब, देवळात बसतात तसं.
डावा शाबूत असल्याची नोंद झाली.

निकालाला एकवीस महिने लागले.
आठ हजार चारशे सोल.
कंपनी अपिलात गेली, मग अपिलातून परत आली,
मग तिनं नाव बदललं
आणि जुन्या नावाची पत्रं परत जाऊ लागली.

परवा बाजारात दिसली.
पाय वाटेत पसरलेला, लोक ओलांडून जातात,
एक कुत्रं त्याच्या सावलीत झोपलेलं.
चीज आता बहीण करते, ही फक्त विकते.
पैशांचं काय, तिनं विचारलं.
मी म्हणाले, या महिन्यात देणार आहेत.

सुरी थांबली.
पाहिलंस?
कागद पाहिला, शिक्क्याचा.
कागद विचारला नाही मी.

मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं.
तराजूची एक बाजू खाली, एक वर.
देणार आहेत, मी म्हणाले, म्हणे.

हं, आता नीट बोललीस.
तिनं पाव किलो कापलं, वर एक कपचा टाकला,
आणि पैसे पूर्ण घेतले.