कुठवर खणायचं

एकतीस वर्षं मी पाणी खात्यात चावीवाला.
भंडारवाड्याच्या टाकीखालच्या गल्ल्या,
पहाटे साडेचारला ती लांब दांड्याची चावी,
कुठला व्हॉल्व्ह किती आटे,
हे वहीत नव्हतं, मनगटात होतं.

म्हणून परळच्या त्या खोलीत
डॉक्टर शेर्लेकरबाईंनी पाकिटाच्या मागे
माझी अन्ननलिका काढली, एक उभी रेघ,
आणि दोन्ही बाजूंना ठिपके ठिपके,
तेव्हा कळायला वेळ लागला नाही.
मेन लाइन. आणि ह्या जोडण्या.

"नळी तर काढणारच," त्या म्हणाल्या,
"प्रश्न या ठिपक्यांचा. लसिकेच्या गाठी.
पोटातल्या काढायच्या, छातीतल्या काढायच्या.
मानेतल्याही काढायच्या का?"
मी म्हटलं, बाई, हे तुम्ही मला विचारताय?
त्या हसल्या नाहीत.
"यावर आमच्यातच एकमत नाही.
काहीजण म्हणतात, जेवढं जास्त तेवढं निर्धोक.
काहीजण म्हणतात, जे निसटायचं ते आधीच निसटलेलं असतं,
उगाच माणूस कशाला उसवायचा."

खरं सांगतो, मला बरं वाटलं.
डोंगरीला एकदा नळाला गटाराचं पाणी आलं,
तेव्हा कुरेशीसाहेब म्हणाले, अख्खी गल्ली उघडा,
आणि पेडणेकर म्हणाला, जिथे वास तिथेच खणा.
दोघंही हुशार. दोघंही गुडघाभर चिखलात.
नऊ खड्डे मारले. आठ कोरडे.
त्यातला एक ज्याच्या दारात, तो बेकरीवाला
पुढचे सहा महिने मला बघून थुंकायचा.

बाईंनी ठिपक्यांमधून एक बारीक रेघ ओढली.
"ही आवाजाची नस. हिच्या कडेकडेने गाठी असतात.
धक्का लागला तर आवाज जाऊ शकतो, काही दिवस.
किंवा"
पुढचं पाकिटावर मावलं नाही.

हेमांगी म्हणाली, काढा. सगळं काढा.
माझ्या आवाजाला कंटाळली होती म्हणून नव्हे.

साडेआठ तास.
आता जठराचीच नळी करून मानेपर्यंत वर ओढलीय.
सपाट झोपायचं नाही, तीन उशा.
दिवसातून सात वेळा वाटीभर पेज,
आणि पाणी, ज्याच्या हातून दोन वॉर्ड प्याले,
त्याला चमच्याने.
आवाज असा, पत्र्यावरून वाळू सरकल्यासारखा.
गल्लीच्या टोकापर्यंत "बंद कर रे!" पोचवायचो,
आता हेमांगीला बोलवायला वाटी वाजवतो.

अठराव्या दिवशी रिपोर्ट.
एकूण गाठी एकेचाळीस.
पोटाजवळ बारा, दोन बाधित.
छातीत अठरा, एक बाधित, तीही त्या नसेला चिकटून.
मानेत अकरा. सगळ्या स्वच्छ.

हेमांगीने देवापुढे साखर ठेवली त्या अकरांसाठी.
मी अकरांकडे बघत राहिलो.
स्वच्छ होत्या, म्हणजे सुटलो?
की स्वच्छ होत्या, म्हणजे उगाच खणलं?
बेकरीवाला आठवला. काय सांगितलं होतं मी त्याला?
खणल्याशिवाय कोरडं आहे हे कळत नाही, शेठ.
त्याला पटलं नव्हतं.
मलाही आज पुरतं पटत नाही.

बाईंना विचारलं, ह्या मोजतं कोण?
म्हणाल्या, खाली, प्रयोगशाळेत. चरबीच्या गोळ्यात
बोटांनी चाचपत, मसुरीएवढी, कधी तांदळाएवढी,
एकेक शोधावी लागते.
म्हणजे आहे कुणीतरी, ज्याच्या बोटांत नकाशा आहे
आणि रिपोर्टवर सही दुसऱ्याची.

त्याला एकच विचारायचं होतं.
भंडारवाड्याखाली एक लाइन होती, गोऱ्यांच्या काळातली,
कुठल्याच नकाशात नाही. एकतीस वर्षांत
मला ती फक्त ऐकू आली, दोनदा,
रात्री, रस्त्याला कान लावून.
तसं काही
बेचाळिसावं
लागलं का रे हाताला, आणि सुटलं?