वीस ग्रॅम

मोंढ्यात हमालांच्या हाका सुरू व्हायच्या आत
मी दुकानाचं शटर अर्धंच वर करतो.
अर्ध्या शटरखालून येतो तेवढा उजेड पुरतो.

पितळी तराजू. एका पारड्यात वीस ग्रॅमचं वजन,
दुसऱ्यात शांभवीनं चिकमगळूरहून पाठवलेल्या बिया,
हिरवट, पोटाला चीर असलेल्या, शेंगदाण्याहून हट्टी.
एक बी जास्त झाली की काटा इकडं,
काढली की तिकडं.
बी तोडून अर्धी करायची पाळी अजून आली नाही.

उदगिरात कॉफी म्हणजे लग्नातली,
मशीनची, फुसफुसणारी, वर चॉकलेटची पूड.
माझं बघून शेजारचा बारदानवाला म्हणतो,
काटेदुरुस्तीवाल्याला वजनाशिवाय काही गिळत नाही.
खरंय त्याचं.

लोखंडी तवा, मंद स्टोव्ह.
आधी ओल्या गवताचा वास,
मग भाकरीचा,
मग पहिली तडतड.
तडतड थांबते आणि बिया क्षणभर गप्प होतात.
तिथंच तवा उतरवायचा.
परवा त्या क्षणाला मी नळेगावच्या आडत्याकडची
साडेतीनशेची उधारी मोजत होतो.
कोळसा झाला. प्यालो तसाच.

सुपात पाखडलं की टरफलं उडून जातात.
उरलेलं पुन्हा तोलतो: सतरा.
वीसचे सतरा होतात रोज.
ते तीन ग्रॅम कुठं गेले
याची नोंद माझ्या कुठल्याच वहीत नाही.

अण्णा पहाटे डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसायचे.
डोळे उघडे. पापणी हलायची नाही.
गल्लीतून डुकरं ओरडत जायची, शेजारचा पंप धडधडायचा,
अण्णा तिथंच, तळहाताएवढ्या जागेत.
माझ्याही गळ्यात आहे, आठव्या वर्षापासून.
मीही बसून पाहिलं.
बघता बघता त्या काळ्या गुळगुळीतावर
मला गिऱ्हाइकांची तोंडं दिसू लागायची.

खलबत्त्यात मात्र कुणी दिसत नाही.
ठोक, फिरव, ठोक.
हाताला कळतं कधी रवा झाला, कधी पीठ होईल.

नळाला पाणी नवव्या दिवशी.
म्हणून पाणीही मापूनच, पेलाभर, उकळून जरा निवलेलं.
अण्णांच्या धोतराचा तुकडा गाळणीला बांधलाय.
चंबूतून बारीक धार,
मध्यापासून गोल, गोल, कडेपर्यंत.
पूड फुगते, श्वास सोडते, बसते.
मग थेंब.
थेंबांना घाई करता येत नाही.
मी करून बघितली आहे.

एकदा मैनोद्दीन हमाल काटा घेऊन आला, मधेच.
बस म्हणालो. बसला पोत्यावर.
थेंब पडत होते.
"येवढ्या येळात च्या चारदा झाला असता की ओ."
मी हं म्हणालो.
मग तोही बघायला लागला.
किती वेळ, माहीत नाही. बाहेर एक ट्रक रिकामा झाला.
निम्मी त्याला ओतली.
घोट घेऊन तोंड वाकडं केलं:
"कडूशार हाय."
आणि बशी खाली ठेवली नाही.

जाताना त्यानं विचारलं,
काटा नीट झाला हे कशावरून वळखायचं?
मी अण्णांचंच सांगितलं.
पारडी रिकामी ठेव. फुंकर मार.
जो हलतच नाही
तो गंजलेला.
चांगला काटा थरथरतो,
आणि परत येतो.

तो गेल्यावर मी चोथा कढीपत्त्याच्या डब्यात टाकला,
फडकं पिळलं,
पिळलेलं पाणीही त्याच डब्यात.
शटर पूर्ण वर केलं.
नळेगावचा आडत्या पुन्हा डोक्यात आला.
आला तर आला.
पारडं जरासं हललं असेल.