तारखेबाहेर

अकरा तारीख पाळीची नव्हतीच.
तिची तारीख सव्वीस, सव्वीसलाच यायची,
तुर्भ्याच्या बाजारात पहाटे नाशिकचा ट्रक लागावा तशी,
पावतीसकट.

अकराला जे आलं त्याला पावती नव्हती.
गाळ्यावर, वजनकाट्याशेजारी,
गोण्यांची बेरीज अर्धी टाकून उठले
आणि आधी खुर्चीकडे पाहिलं,
बायका पाहतात तसं, मान न वळवता.
शेठ म्हणाले, सत्तेचाळीस की सदतीस?
थांबा, म्हटलं, परत मोजते.

मी नोंदी करणारी बाई.
आवक, जावक, घट, सड.
हिशेबवहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहायला लागले:
अकरा, गुलाबी.
तेरा, तपकिरी, रुपयाएवढं.
चौदा, काही नाही.
एकोणीस, पुन्हा.
ह्या मालाला आमच्याकडे रकाना नव्हता.

घरीही नव्हता.
घणसोलीच्या आमच्या घरात
चार दिवस देव्हाऱ्याला हात लागत नाही,
पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी.
पण मधेच आलेल्या दोन थेंबांचे किती दिवस धरायचे?
सासूबाईंना विचारायचं तर आधी सांगावं लागणार.
म्हणून दिवा लावत राहिले,
आणि काडी पहिल्या फटक्यात पेटली नाही की
वाटायचं, त्याला कळलं.

शेजारच्या गाळ्यावरची सुनंदा म्हणाली, उष्णता. सब्जा पी.
प्यायले.
सब्जाचा काही दोष नाही.

वाशीला महापालिकेच्या दवाखान्यात
काझी डॉक्टरबाईंनी वही मागून घेतली,
शेवटचं पान चष्मा लावून वाचलं,
आणि विचारत गेल्या:
गोळी चुकते का मधे? तांबी बसवलीय?
थायरॉईड कधी तपासलं?
संबंधानंतर येतं?
(मी पंख्याकडे बघून म्हणाले, कधीकधी.)
बीज सुटतानाही एखादा थेंब येतो, त्याचं काही नसतं.
आत गाठ असू शकते, तोंडाशी मस असू शकतो, जंतू असतील,
दिवस गेलेत का तेही आधी बघू,
चाळिशीला घड्याळ पुढेमागे होतंच.
आणि पिशवीच्या तोंडाची तपासणी करायचीच,
घाबरवायला नाही हो,
वगळायला.

वगळायला. हा शब्द आमच्या बाजारातला.
सडका वगळल्याशिवाय
चांगल्याचाही भाव ठरत नाही.

मस निघाला. साबुदाण्याएवढा.
बाटलीत घालून पाठवला, बाटलीवर चिठ्ठी:
हेमांगी मढवी, वय ३९.
रिपोर्ट शुक्रवारी.
निघताना बाई हात पुसत म्हणाल्या,
पाळी जाऊन वर्ष उलटलेल्या बाईला
एक थेंब जरी दिसला
तर वाट बघायची नाही, कुणालाही सांगा.
मी मान हलवली. कुणाला सांगणार होते.

घरी सासूबाई वाकटीची डोकी मोडत बसल्या होत्या.
मी सगळं सांगून टाकलं. दिव्याचंही.
वाटलं, आता देव्हारा धुवायला काढतील.
त्या मोडत राहिल्या. एक, दोन, पाच.
मग मांजराला बोलावं तसं, खाली बघून,
"मनापण लागतंय गो."

त्यांची गेली त्याला बारा वर्षं झाली.

तांदळाचा डबा सरकवून दाखवला.
मागे भिंतीवर खडूच्या रेघा, नऊ.
दूधवाल्याच्या असतील म्हणून
मागच्या आठवड्यात मीच दोन पुसल्या होत्या.
म्हणजे अकरा.

"तुझी डाक्टरीन उद्या बसते का?"

बसते, म्हटलं.
वाकटीच्या वासाच्या हातांनी वही उघडली, नवीन पान.
सोळा वर्षांत त्यांचं नाव कधी लिहायची वेळ आली नव्हती,
रेशनकार्डावरही मुलगाच लिहितो.
बारकूबाई, लिहिलं, आणि पेन्सिल थांबली.
त्या वाकून बघत होत्या.
अक्षर येत नाही त्यांना, लांबी कळते.

"येवढुसंच?" म्हणाल्या.
"आडनावासकट लिही."