ऐंशी पौंड, शिल्लक असेपर्यंत

बातमी तिसऱ्या पानावर होती,
हरवलेलं मांजर आणि बंद झालेली बेकरी यांच्या मधे:
कौन्सिलकडून गरजू घरांना ऐंशी पौंड,
एकदाच, इंधनासाठी.
आणि तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत,
निधी शिल्लक असेपर्यंत.

सोमवारी वाचनालय उघडण्याआधीच दाराशी नऊ जण.
पुस्तक एकालाही नको होतं.
आमच्याकडे कॉम्प्युटर तीन, त्यातला एक कायमचा रुसलेला,
आणि अर्ज असा, की बोट जरा थबकलं
की सगळं पुसून पुन्हा पहिल्या पानावर.
माझ्या कामात हे बसत नाही.
पण चष्मा घरी विसरलेल्या बाईला
हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

मिस्टर ऑर्मरॉड आले टोपी हातात घेऊन.
एकतीस वर्षं त्यांनी या गावाचे गॅसमीटर वाचले.
जिन्याखाली वाकायचं, टॉर्च मारायचा,
आकडा वहीत टिपायचा.
न विचारता कळायचं त्यांना
कुठे बाळ आलंय,
कुठे सगळं घर एका खोलीत झोपतंय,
कुठे माणूस गेलंय आणि अजून कोणाला सांगितलेलं नाही.

आता त्यांच्याच मीटरला पैसे आधी भरावे लागतात.
हे त्यांनी हसत सांगितलं. मी हसले नाही.

घरात किती माणसं? एक.
घर उबदार ठेवणं परवडतं का?
नेहमी. अधूनमधून. कधीच नाही.
बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.
"शेवटच्या दोन्हींच्या मधलं काही आहे का?"
मी नाही म्हणेपर्यंत
पहिलं पान परत आलं होतं.

"राहू द्या माझं," ते म्हणाले,
"चौदा नंबरचं भरा. मिसेस हॅलिवेल.
तिच्या छपरावरचं दंव बारापर्यंत वितळत नाही.
शेजारच्यांचं नवालाच गळायला लागतं."
मीटर वाचणं सुटलं नव्हतं तर,
फक्त आता रस्त्यावरून चालायचं.

पण अर्जदारानं स्वतः यायला हवं.
आणि मिसेस हॅलिवेल म्हणे दाराची साखळी न काढताच बोलल्या,
दान? मला? अजून ती वेळ आली नाही.
मंगळवारी हेच. बुधवारी
त्यांनी निदान साखळी काढली.

गुरुवारी दुपारी दोघं आले.
त्यांनी ठेवणीतला कोट घातलेला, ओठांना लाली,
बिस्किटांच्या डब्यात सगळे कागद, सालाप्रमाणे लावलेले,
अगदी नवऱ्याच्या गिरणीतल्या पगाराच्या चिठ्ठ्यांसकट.
मी अर्ज उघडला.
हा निधी आता बंद झाला आहे.
आपल्या प्रतिसादाबद्दल आभार.

मी तेच बटण तीनदा दाबलं,
जणू लिफ्टच येणार होती.

मिसेस हॅलिवेलनी डब्याचं झाकण लावलं.
"बघ, नकोच होतं मला," ऑर्मरॉडना म्हणाल्या,
आणि मग माझ्याकडे वळून,
"गुलाबांवर काही आहे का? छाटणीवर?"
त्या आठवड्यात माझ्या हातून गेलेलं
ते पहिलं पुस्तक.

शुक्रवारच्या पेपरात पहिल्या पानावर फोटो:
सदस्य महाशय हसतायत, हातात पुठ्ठ्याचा भलामोठा चेक.
निधीचा शंभर टक्के विनियोग.
खोटं नव्हतं त्यात काही. शब्दन् शब्द खरा.

पण तो शुक्रवार.
गुरुवारी अजून पाच वाजायचे होते,
त्या खिडकीशी बसून गुलाब वाचत होत्या, कोट न काढता,
आणि ऑर्मरॉड भिंतीवरच्या जुन्या रेडिएटरला हात लावून उभे.
मग सवयीनं वाकले,
कण्हत, एक गुडघा जमिनीवर टेकून,
मागचा वाल्व्ह निरखून पाहिला.

"पुरता उघडलेलाच नाही हा," म्हणाले.
मला न विचारता
कौन्सिलचा तो वाल्व्ह
त्यांनी होता तेवढा फिरवला.