मधलं अंतर

रुवीच्या प्रेसमध्ये दुपारी दीडला काम आलं:
एक चौकट, तीन ओळी, तीन भाषा,
रुंदी तिन्हींची सारखी. खाली कंपनीचा शिक्का.
मिस्फाच्या साइटवर परांचीवरून पडलेला माणूस.
सहदेव गोताड. वय चाळीसला दोन कमी.

इंग्रजीची अक्षरं जन्मापासून वेगळी राहतात,
हवी तेवढी लांब बसवा, तक्रार नाही.
अरबी निझारकडे. त्याने मीमच्या पाठची रेघ धरली
आणि ओढत नेली पार कडेपर्यंत.
कशीदा म्हणतात याला, तो म्हणाला.
आमच्याकडे कशिदा उशीच्या अभ्र्यावर असतो.

माझ्या ओळीला अंतर दिलं, पन्नास,
आणि शिरोरेषा तुटली.
स  ह  दे  व
चार खांब उभे, वर फळी नाही.

पटकन शून्य केलं.

कुंजहमद मागून म्हणाला, भर दो भाई, डब्बा खाली दिखता.
फाँट तसाही फुकटातला. ल हिंदी वळणाचा,
आणि शून्यावरसुद्धा दे आणि व यांच्यात केसाएवढी फट.
शंभर टक्क्यांवर दिसत नाही.
चारशेवर दिसते, आणि मी चारशेवर बसणारा माणूस.
उणे तीन केलं. रेघ रेघेवर चढली.
ओळ मात्र आखूड ती आखूडच.

कागदावर घरचा नंबर होता. भावाने उचलला.
गाव नीट सांगा, म्हटलं, छापायचंय.
तो जरा वेळ गप्प. मागे कोंबडा ओरडत होता.
'पऱ्याची वाडी. वाडी लिहा हां,
नुसत्या तालुक्याने तो कुणाचा कोण कळायचा नाही.'

वाडी? निझारने मान वर केली.
त्याच्या भाषेत वाडी म्हणजे ओढा.
आणि पऱ्या म्हणजेही ओढाच, मी म्हटलं.
दोघांनी मिळून एवढंच पाणी काढलं.

टाइप केलं तर उमटलं पर्याची.
या फाँटला तो र ठाऊकच नाही, उचलून डोक्यावर ठेवतो.
मग ॲमधला चंद्र सोडवला, फिरवून आडवा केला,
यला टेकवला, दहादा हलवला.
हिलाल? निझार म्हणाला.
र आहे.

ओळ दोन्ही कडांना लागली. एकही अक्षर ताणलं नाही.

पंचवीस प्रती, लॅमिनेशनसह.
कँपात लावायला नेणाऱ्या पोराला बजावलं,
टेप या वरच्या रेघेवर नको.
पोरगा सिल्हेटचा. बोट रेघेवरून फिरवत म्हणाला,
मात्रा? हमारा भी है.