उकिरड्याचे पांग

टे नदीवर सकाळपासून धुकं बसलंय
आणि मी डंडीच्या ग्रंथालयात शब्द मोजते आहे.
पगारच त्याचा मिळतो:
कुठल्या साली, किती निबंधांत,
कोणता शब्द कुणाच्या शेजारी येऊन बसला.
कर्करोगाची पेशी मी कधी पाहिलेली नाही.
तिच्याविषयीची वाक्यं तेवढी पाहिलीत, हजारोंनी.

या महिन्याचा शब्द: लॅक्टेट.

पडद्यावर नकाशा उमलतो. जुने शब्द निळे, नवे पिवळे.
निळ्यात स्नायू, थकवा, आम्ल,
धापा टाकत सायकल मारणारी पोरं.
मग हिरवट पट्टा: गाठ, साखर, हवा असूनही आंबणं.
आणि पार उजवीकडे
धुऊन न जाणाऱ्या हळदीच्या डागांसारखे
टी-पेशी, हिस्टोन, लॅक्टिलेशन.
दर वर्षी डाग पसरतात.
आलेखात लांबच लांब माळरान,
मग एकाएकी कडा.

अकरा वाजता डॉक्टर ओगिल्वी येतात.
वय एक्याऐंशी, टोपी हातात, थेट इस्पितळातून.
माझं खांबेटे त्यांना कधीच जमलं नाही.
"मिसेस कॅम्बेटी, यात माझा ठिपका कुठला?"

बहात्तर साली त्यांनी उंदरांच्या गाठींत
जाणारं रक्त मोजलं, येणारं रक्त मोजलं.
एका गाठीत उलटंच निघालं:
लॅक्टेट बाहेर पडत नव्हतं, आत जात होतं.
साहेब म्हणाले, नळी उलटी जोडली असशील.
कचरा कोणी खातं का?
यांनी तरी चार ओळी छापल्या, शेवटच्या पानावर.
पन्नास वर्षांत दोन उल्लेख.
त्यातला एक त्यांचाच.

मी म्हणाले, आमच्यात म्हणतात,
बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात.
"बाराच?" ते म्हणाले. "तुमचे उकिरडे नशीबवान."

आता सगळेच लिहितात:
एक पेशी टाकते, शेजारीण उचलून चूल पेटवते;
उरलेल्या आंबटात पहारेकरी पेंगतात;
आणि तोच कचरा आत शिरून
जनुकांच्या रिळावर बसतो, कुठलं पान उघडायचं ते ठरवतो.
हे मी वाचलेलं. खरं-खोटं पेशीला ठाऊक.

नकाशाला उंबरठा असतो. पाच उल्लेख, तरच आत.
मी तो दोनवर आणला.
पडदाभर खसखस सांडली.
ते वाकले, चष्मा कपाळावर,
आणि नखाने एक कण दाबून धरला,
उडून जाईल म्हणून.

बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग म्हणाले,
"काल त्यांनी माझाही नकाशा काढला.
साखर टोचून, अंधाऱ्या खोलीत.
यकृतापाशी पिवळं आहे, बारीकसं.
त्यांना सांगता का तुम्ही,
उंबरठा जरा वर घ्या म्हणावं?"

आणि स्वतःच हसले, खोकला येईपर्यंत.

ते गेल्यावर मी पाचाचा नकाशा अहवालात लावला.
तोच जातो. तोच नियम.
दोनाचा मात्र बंद केला नाही.
त्यांच्या नखाचा ठसा काचेवर आहे, कणापेक्षा कितीतरी मोठा.

धुकं हललेलं नाही.
नदीपलीकडे फाइफचा किनारा आहे
असं मी रोजच्यासारखं धरून चालते.