पौषाचं कोटेशन

प्रांजली, तू पौषात येणार,
म्हणून मी काटोलहून बस धरून सीताबर्डीला जाऊन आलो.
अकरा प्रकारचे हीटर होते दुकानात.
त्या पोराने एकेक लावून दाखवला,
मी प्रत्येकापुढे दोन्ही हात पसरून उभा,
पंगतीआधी हात धुवायला पाणी मागावं तसा.
एक लाल सळ्यांचा : तोंड भाजतं, पाठ गार.
एक पंख्याचा : ऊब थोडी, आवाज फार.
एक तेलाचा, बारा पात्यांचा, खाली चाकं.
हा चांगला. पण किंमत ऐकून
मी चष्मा काढला, पुसला, परत लावला,
आकडा तोच.

"काका, खोली केवढी?"
दहा बाय बारा.
"आणि सीलिंग?"
सीलिंग नाही बापा, कवेलू आहेत,
फटीतून मांजर खाली बघते.
तो हसला. कोटेशन दिलं तरी.

भूषणचा फोन आला, मामाजी, पैसे मी पाठवतो.
त्याला कसं सांगू, गोष्ट पैशाची नाही,
व्होल्टेजची आहे.
रात्रीची लाइन आली की ओलिताच्या मोटारी सुरू,
बल्ब शिळ्या संत्र्यासारखा पिवळा पडतो.
त्या तारेने तेलाची गाडी कशी ओढायची?

तुझी माय म्हणाली, काऊन एवढा विचार?
बाजेखाली शेगडी ठेवू, वर ओवा टाकू,
पोरगी अशीच तर वाढली.
ते खरं. पण छबूताई आशा आली,
वजनकाटा काखेत, खिडक्या मोजत हिंडली,
म्हणाली, बंद खोलीत कोळसा ठेवाल
तर मी रोज रात्री इथंच येऊन झोपीन.
माय गप्प. मग हळूच,
"हिच्याआधीचा तो..."
आणि चहा ठेवायला उठली.
तीस वर्षं हे वाक्य तिने अर्धंच ठेवलंय.
मीही पुरं केलं नाही.

शेवटी केवळराम मिस्त्रीला बोलावलं.
त्याने काही मोजलं नाही.
रांधणीच्या मातीच्या भिंतीला गाल लावून
बराच वेळ उभा राहिला.
"इकडे चूल, तिकडे बाज.
धूर धुराड्यातून वर जाईल,
भिंत संध्याकाळी घेईल, पहाटेपर्यंत देत राहील."
पैसे?
"चुलीचा ओटा भिंतीला सरकवायचा, पत्र्याचं धुराडं एक.
आता चहा पाजा. बाकी पौषानंतर."

लाकडाची चिंता नाही.
डिंक्या लागलेली संत्र्याची ओळ
मी गेल्या साली उपटली, तेव्हा जेवलो नव्हतो.
वाळलंय सगळं. साल मोडली की अजून वास येतो.

काल रात्री सराव म्हणून
मीच तुझ्या बाजेवर झोपलो.
बाराला भिंत तव्यासारखी,
दोनला, ताप उतरलेल्या कपाळाएवढी.
चारला वाटलं, आता गेली.
तेवढ्यात पल्याड फुंकणीचा आवाज आला,
लाकूड सारल्याचा.
मी भिंतीवर दोनदा ठोकलं.
तिनेही ठोकलं.
बोललो काहीच नाही, तीस वर्षांचं जुनं जोडपं आम्ही,
पण बराच वेळ ठोकत राहिलो.

टोपी आणू नको, तिच्या तीन विणून झाल्यात.
मोजे मात्र आण.
फरशी गारच राहणार,
तिच्यावर केवळरामकडेही इलाज नाही.